नागपुरातून निघताना: आधी महिना, मग ठिकाण

अंबाझरीकर
होळी आटोपली की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहलीचं गुऱ्हाळ सुरू होतं. मनाली की उटी, गोवा की केरळ. ज्याचं पॅकेज स्वस्त, त्यावर शेवटी शिक्कामोर्तब. महिन्याचा विचार कुणीच करत नाही. मला वाटतं सुरुवात तिथूनच करायला पाहिजे. सुट्टी कधी मिळणार हे आपल्या हातात नसतं. शाळा, ऑफिसची रजा, घरातली लग्नं यांत ती अडकलेली असते. जागा मात्र आपण निवडू शकतो. तेव्हा महिना पक्का धरा, त्या महिन्यात देशात पाऊस कुठे आहे, धुकं कुठे आहे, वादळांचा मोसम कुठल्या किनाऱ्यावर आहे हे पहा आणि उरलेल्यातून ठिकाण काढा.

आपण देशाच्या मधोमध राहतो याचा इथे मोठा फायदा आहे. दिल्ली आणि चेन्नई दोन्ही आपल्यापासून साधारण १,१०० किलोमीटर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उत्तरेच्या गाडीत बसलात तर सकाळी दिल्लीच्या धुरकट हवेत उतराल, दक्षिणेच्या गाडीत बसलात तर चेन्नईच्या पावसात. आणि त्याच आठवड्यात जैसलमेर फिरायला अगदी छान झालेलं असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीचं आपलं गणित उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळं आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उशिरा, जून संपत आल्यावर उघडतात. पुण्या-मुंबईची मुलं वर्गात जाऊन बसतात तेव्हा जूनचा दुसरा पंधरवडा आपल्याकडे मोकळाच असतो. हा पंधरवडा फार मोलाचा आहे आणि बरेच जण तो कोकणात किंवा केरळात, ऐन पावसात खर्च करतात. (ज्यांना पाऊसच पाहायचा आहे त्यांची गोष्ट वेगळी.) हवामान खात्याच्या सर्वसाधारण तारखा पहा: मोसमी पाऊस केरळात १ जूनला, मुंबईत ११ जूनला, आपल्याकडे जूनच्या मध्यावर आणि सगळा देश व्यापायला ८ जुलै. म्हणजे त्या पंधरवड्यात वायव्येचा कोपरा बराचसा कोरडा असतो. पाऊस मागून येतोय आणि आपण त्याच्या पुढे चाललोय, असा तो प्रवास आखायचा.

तारखा सरासरीच्या आहेत हे लक्षात असू द्या. २०२५ मध्ये पाऊस केरळात २४ मेला आला, दोन दिवसांत मुंबईत पोचला आणि नंतर जूनच्या मध्यापर्यंत तिथेच अडकून पडला. त्यामुळे तिकीट सरासरीवर काढलं तरी निघण्याच्या आठवड्यात अंदाज वाचायलाच हवा.

दुसरं, उंची. दर हजार मीटरमागे तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. नागपूर ३१० मीटरवर आहे. चिखलदरा अकराशेच्या आसपास, पचमढीही जवळपास तेवढीच. म्हणजे फरक पाचेक अंशांचा. आपल्याकडे ४५ असेल त्या दुपारी तिथे ३९-४० असणारच. संध्याकाळ आणि रात्र सुखाची जाते, पण भर दुपारी गारवा मिळेल या आशेने गेलात तर निराश व्हाल. उटी २,२०० मीटरच्या वर आहे, म्हणून तिथे मे महिन्यातही संध्याकाळी स्वेटर घालावा लागतो.

तिसरं, दमटपणा. मोबाईलवर पुरीचं तापमान ३५ दिसलं की आपल्याला हायसं वाटतं, पण आपलं अंग कोरड्या उन्हाला सरावलेलं आहे. आपला कूलरसुद्धा कोरड्या हवेच्याच जोरावर चालतो. वाळ्यावरचं पाणी वाफ होऊन उडतं म्हणून आत गार झोत येतो. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर वाळ्यावरचं पाणीही उडत नाही आणि अंगावरचा घामही. घरातल्या वयस्क माणसांना मे महिन्यात समुद्रकिनारी नेताना हे जरूर ध्यानात घ्यावं.

आता तुम्ही लिहा. कुठल्या महिन्यात कुठे जावं, कुठे जाऊ नये आणि का.

मानेवाडा_रोड
दादा, अगदी वेळेवर धागा काढला. आम्हाला जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातच जायचं आहे. मुलगी सातवीत, सासू-सासरे दोघंही सत्तरीच्या पुढचे. सासऱ्यांना बीपी आहे. सासूबाईंना लेह पाहायची फार इच्छा आहे, त्यांनी तसं बोलून दाखवलं आहे. न्यावं का?

झोजिला
ताई, लडाखला मी कामानिमित्त बरेचदा जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जूनचा दुसरा पंधरवडा हवामानाच्या दृष्टीने लडाखसाठी उत्तम. हिमालयाच्या पलीकडे पाऊस पोचतच नाही म्हणा ना. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पडतो, आपल्याकडे एखाद्या आषाढी झडीत तेवढा होतो. (पण पडला तर तिथली माती आणि घरं त्या पावसासाठी नाहीत. ऑगस्ट २०१० ची ढगफुटी तिथले लोक विसरलेले नाहीत.)

अडचण हवेची नाही, उंचीची आहे. लेह ३,५०० मीटरवर. दिल्लीहून विमानाने दीड तासात माणूस तिथे उतरतो आणि शरीराला कळायलाच वेळ मिळत नाही. धडधाकट तरुणांनीही पहिले दोन दिवस खोलीत पडून राहावं. सत्तरीच्या पुढे आणि बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. डॉक्टर हो म्हणाले तरी विमानापेक्षा श्रीनगर-कारगिल-लेह रस्ता धरा. श्रीनगर १,६०० मीटर, कारगिल २,७०० च्या आसपास, म्हणजे मुक्काम करत करत उंची वाढते. वाटेतले झोजिलासारखे घाट तेवढे उंच लागतात, पण तिथे थांबायचं नसतं.

माझा सल्ला विचाराल तर या वर्षी श्रीनगरलाच मुक्काम ठोका. जूनमध्ये दिवसा तिशीच्या आतबाहेर, रात्री पांघरूण लागतं. पहलगाम २,१०० च्या वर, गुलमर्ग २,६०० च्या वर. दोन्हीकडे दिवसाचं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. सासऱ्यांना त्या उंचीचा त्रास होतो का हेही कळेल. तिकडची परिस्थिती आणि सरकारी सूचना मात्र निघायच्या आधी पाहून घ्या.

आउटर_सिग्नल
रेल्वेचं मी लिहितो, कारण हवामान चुकलं की पहिला फटका गाडीला बसतो.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वी १२० होतं). त्यामुळे जूनच्या प्रवासाला एप्रिलमध्ये जागं व्हायचं.

डिसेंबरचा शेवट ते जानेवारी, उत्तरेला जायचं असेल तर धुकं गृहीत धरा. नागपूर-इटारसी-भोपाळ गाडी वेळेवर पळते. ग्वाल्हेरच्या पुढे आग्रा, मथुरा, दिल्ली या पट्ट्यात पहाटे काहीच दिसत नाही. परत येणाऱ्या गाड्या तर तिकडूनच उशिरा सुटतात. जानेवारीत दिल्लीला उतरून दुपारचं विमान किंवा दुसरी गाडी पकडायचा बेत कुणीही करू नये. मध्ये एक रात्र ठेवा.

कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. दरडींचा भाग आहे, बरोबरच आहे ते. दक्षिणेच्या मार्गाचं म्हणाल तर २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला तेलंगणात केसमुद्रमजवळ रुळांखालची खडी आणि भराव वाहून गेला आणि काझीपेठ-विजयवाडा मार्ग बंद पडला. चेन्नई, विजयवाड्याकडे जाणाऱ्या आपल्या गाड्या रद्द झाल्या, वळवल्या. अशा वेळी पुढचं हॉटेल परत पैसे देणारं असलं तर जीव हलका राहतो.

मानेवाडाताई, श्रीनगर ठरलं तर रेल्वेनेही जाता येतं. कटरा ते श्रीनगर वंदे भारत जून २०२५ पासून सुरू झाली आहे, चिनाबच्या पुलावरून जाते. आणि कन्याकुमारी-कटरा हिमसागर एक्सप्रेस नागपूरवरूनच जाते, आठवड्यातून एकदाच. वयस्कांना लांब पडेल, पण सासूबाई खिडकीजवळ बसणाऱ्यांपैकी असतील तर त्यांना फार आवडेल.

आणखी एक. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात. त्या दिवसांत नागपूरला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांत उभं राहायला जागा नसते. परतीचा दिवस त्या दोन-तीन दिवसांत येऊ देऊ नका.

धरमपेठ_ते_अड्यार
आम्ही मूळ नागपूरचे, बरीच वर्षं चेन्नईत. दिवाळीच्या सुट्टीत नातलग विचारतात, "यायचं का? रामेश्वर, मदुराई करू." मी दरवेळी सांगते, आनंदाने या, पण पोंगलच्या सुमारास या.

महाराष्ट्रात आपण शिकतो की जून ते सप्टेंबर पावसाळा आणि हस्ताचा पाऊस पडून गेला की संपलं. तमिळनाडूत ते लागू नाही. नैऋत्य मोसमी वारे पश्चिम घाटावर पाऊस ओतून इकडे कोरडे येतात. आमचा पाऊस ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो, बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर. नोव्हेंबर सगळ्यात ओला. २०१५ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला चेन्नई बुडाली ती याच मोसमात. विमानतळ बंद होता, वीज नाही, दूध नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खालच्यांना घरात घेतलं. त्यामुळे दिवाळीत इकडे सहल काढणाऱ्यांना मी मनापासून थांबवते.

जानेवारी-फेब्रुवारी मात्र सुंदर. तंजावरच्या मंदिराच्या दगडावर दुपारी अनवाणी चालता येतं, एप्रिलनंतर तेच अंगण पाय भाजतं. आणि जुलै-ऑगस्टमध्येच येणं भाग असेल तर तेनकासीजवळ कुट्रालमचे धबधबे आहेत. घाटाला तिथे खिंड आहे, तिच्यातून केरळचा पाऊस शिंतोड्यांसारखा आत येतो. बाकी राज्य तापलेलं असताना तिथे गार वारा आणि सरी.

पळस_फुलला
अंबाझरीकर भाऊ, सगळं पटलं, पण "उन्हाळा म्हणजे बाहेर पळा" हे मला मान्य नाही. देशभरातून लोक एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे येऊन राहिले आणि आपण बॅगा भरून राहिलो!

ताडोबा, पेंच, नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला, सगळं दोन-चार तासांच्या आत. उन्हाळ्यात जंगलातली पाणी साचायची ठिकाणं आटतात, पानगळ झालेली असते, दूरवर दिसतं, आणि जनावराला उरलेल्या पाणवठ्यावर यावंच लागतं. मी मार्चअखेरीस पहाटेच्या फेरीला गेलो होतो तेव्हा बफरमधल्या (जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या) गावातल्या बाया मोहाची फुलं वेचत होत्या. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला, त्यामुळे पिवळट फुलं मातीवर उठून दिसत होती, अन् वास असा की जीपमध्येसुद्धा भरला. हे डिसेंबरात मिळत नाही.

फेरी सकाळचीच घ्या. दुपारची मे महिन्यात लहान मुलं अन् म्हातारी माणसं यांच्यासाठी नको. सुती दुपट्टा ओला करून डोक्याला, पाणी, पन्हं. ताडोब्याचा गाभा मंगळवारी बंद असतो, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसामुळे बंद. तेव्हा बफर चालू असतो, हिरवंगार जंगल पाहायचं असेल तर तेव्हा जा, वाघाची आस धरू नका.

अंबाझरीकर
मान्य, पळसभाऊ. माझ्या लिहिण्यात आपलं जंगल राहूनच गेलं होतं. चिखलदऱ्याचंही त्याला जोडून म्हणतो: मेपेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये जा. धुक्यात दरी दिसेनाशी होते, पुन्हा उघडते. महाराष्ट्रात कॉफीचे मळे पाहायचे तर तिथेच.

ढगांच्या_मागे
मला सगळ्यांच्या बोलण्यात एक सूर दिसतोय, पाऊस टाळा. मी तर पाऊस गाठतो. पर्यटक नसतात, खोल्या निम्म्या दरात मिळतात, आणि कित्येक जागा पावसातच जिवंत होतात. मांडूला ऑगस्टमध्ये जा. कोरड्या दिवसांत ते नुसते दगडी महाल; पावसात जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव भरले की त्या इमारतीला जहाज का म्हणतात ते कळतं. उदयपूरही ऑगस्ट-सप्टेंबरात, तळी भरल्यावर. म्हणून "ऑफ सीझन" या शब्दाला घाबरू नये.

झोजिला
मांडू-उदयपूर मान्य. पण ही सवय हिमालयाच्या अलीकडच्या उतारांवर नेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. हिमाचल, उत्तराखंडात जुलै-ऑगस्टचा पाऊस म्हणजे सुटलेले कडे. केदारनाथला २०१३ मध्ये १६-१७ जूनला काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तो तर पावसाळ्याचा आरंभ होता. २०२३ च्या जुलैत कुल्लू-मंडीत बियासने रस्ते गिळले. खोली निम्म्या दरात मिळते ती यासाठीच.

ढगांच्या_मागे
हो, बरोबर आहे. पठारावरचा पाऊस आणि कोवळ्या डोंगरातला पाऊस यांत फरक करायला हवा. पण मग फुलांची दरी? ती तर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच बहरते. तिथे जाणाऱ्याने काय करावं?

झोजिला
जावं, पण दोन-तीन दिवस जास्तीचे हातात ठेवून. रस्ता बंद झाला तर जोशीमठ किंवा गोविंदघाटला थांबायची मनाची तयारी हवी. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं असेल तर माणूस घाई करतो आणि ड्रायव्हरलाही घाई करायला लावतो. अपघात तिथे होतात.

गणेशपेठ_काका
आमच्या वयाच्या मंडळींसाठी लिहितो. चारधामला सगळे मे महिन्यात धावतात, कारण अक्षय्य तृतीयेपासून दारं उघडू लागतात आणि नातवंडांना सुट्टी असते. रांगा तासन्तास, घोडेवाले दाम दुप्पट सांगतात. सेवानिवृत्त माणसाला शाळेच्या सुट्टीशी काय करायचं? नवरात्रानंतर जावं. पाऊस सरलेला, आकाश निवळलेलं, बर्फाची शिखरं स्वच्छ दिसतात. केदारनाथ आणि यमुनोत्रीची दारं भाऊबीजेला बंद होतात, बद्रीनाथ नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उघडं असतं. थंडी चांगलीच असते, लोकरीचे मोजे आणि कानटोपी हवीच.

मात्र सप्टेंबर लागला की पाऊस गेला असं धरू नका. वायव्य राजस्थानातून पाऊस माघारी फिरायची तारीख पूर्वी १ सप्टेंबर होती. हवामान खात्याने २०२० मध्ये ती बदलून १७ सप्टेंबर केली. आमच्या तरुणपणीचे ठोकताळे आता पंधरा दिवस पुढे सरकवून घ्यावे लागतात.

लुईतकाठ
ईशान्येबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडं. गुवाहाटीत नोकरी, घर वर्ध्याचं.

मेघालय ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. मौसिनरामला वर्षाला सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या नागपूरच्या दहा-अकरापट. धबधबे पावसाळ्यातच भरात असतात हे खरं, पण तेव्हा समोर पांढरा पडदा असतो, दिवसेंदिवस काही दिसत नाही. डावकीची ती काचेसारखी नदी, जिच्यात होडीची सावली तळावर पडलेली दिसते, ती हिवाळ्यात तशी असते. जुलैत जाल तर मातकट लोंढा दिसेल. जिवंत मुळांच्या पुलांकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या हजारोंनी आहेत आणि पावसात त्यांवर शेवाळ धरतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी कुठल्याच महिन्यात उतरू नये.

काझीरंगा पावसाळ्यात बंद असतं, ब्रह्मपुत्रेचं पाणी आत शिरतं. नोव्हेंबर ते एप्रिल चांगलं. तवांगसाठी ऑक्टोबर, किंवा एप्रिलअखेर ते मे. आणि इकडे सूर्य लवकर मावळतो बरं! डिसेंबरात साडेचारलाच अंधारू लागतं. नागपूरच्या सवयीने "जेवून, थोडं पडून, चारला निघू" असा बेत केला तर दिवस संपलेला असतो. सकाळी सहाला बाहेर पडा.

ओडिशाला जाणाऱ्यांसाठीही एक ओळ: पुरी-कोणार्क-चिलिका डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे हे चक्रीवादळांचे महिने. १९९९ चं महावादळ २९ ऑक्टोबरला आलं, फनी २०१९ मध्ये ३ मेला थेट पुरीवर. चिलिकेवर परदेशी पाखरं असतात तीही हिवाळ्यातच.

मानेवाडा_रोड
सगळ्यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. लेहला त्यांनी सध्या नको म्हटलं, श्रीनगरला हरकत नाही. सासूबाईंना वाईट वाटेल अशी भीती होती, पण सासऱ्यांनीच त्यांना सांगितलं की तुझी केसरची शेतं पाहायची हौस आधी होऊ दे.

झोजिलादादा, जूनमध्ये केसर दिसेल ना?

झोजिला
नाही हो ताई. पांपोरला केसर फुलतं ते ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरच्या सुरुवातीला, जेमतेम दोन-तीन आठवडे. जूनमध्ये तिथे नुसतं मोकळं रान दिसेल. त्यांना ते आधीच सांगून ठेवा. जूनमध्ये चेरी असते मात्र, रस्त्याच्या कडेला पेट्या लावून विकतात. आणि केसरच पाहायचं पक्कं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत जाणं जमेल का पहा; रात्री कडाक्याची थंडी, पण दिवस कोरडे असतात आणि चिनारची पानंही तेव्हाच लाल होतात.

मानेवाडा_रोड
दिवाळीची सुट्टी! हे डोक्यातच नव्हतं. विचारते घरी.

आउटर_सिग्नल
दिवाळी ठरली तर ६० दिवस मोजून सकाळी आठला बसा ताई, त्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. जाताना दिल्लीत मुक्काम शक्यतो टाळा, धुराचे दिवस असतात आणि सासऱ्यांना त्रास होईल.